दार बंद होते, म्हणून त्यांनी अंगण केले

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि पांढरा चेंडू येतो. पण पृथ्वीच्या उत्तरेकडे, जिथे वर्षातले चार-पाच महिने नद्या आणि तळी गोठून दगडासारखी होतात, तिथे हॉकी बर्फावर खेळतात. पायांत लोखंडी पात्याचे बूट, हातात टोकाशी वाकलेली काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. तिला ‘पक’ म्हणतात. काठीच्या एका फटक्यात ती बर्फावरून अशी सणसणत जाते की नवख्या माणसाला दिसतसुद्धा नाही.

या खेळातल्या एका मोसमाची गोष्ट आज सांगायची आहे. मोसम १९१९-२० चा. शहर कॅनडातले विनिपेग. संघाचे नाव फाल्कन्स, म्हणजे ससाणे. खेळाडू सगळे हौशी, खेळण्याबद्दल एक पैसाही न घेणारे.

गोष्ट खेळाची आहे, पण खेळापुरती नाही. मैदान कोणाचे, आणि त्यावर पाऊल ठेवायला परवानगी कोणाची लागते, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. तो प्रश्न आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच हजारो मैलांवरची ही गोष्ट मला आपल्या घरात सांगावीशी वाटली.

राखेतून आलेली माणसे

युरोपच्या वायव्येला समुद्रात आइसलँड नावाचे बेट आहे. १८७५ साली तिथल्या आस्क्या नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. बेटाच्या पूर्वेकडची गवताळ राने राखेखाली गेली. मेंढ्यांवर जगणारी माणसे देशोधडीला लागली. गरिबी आधीपासून होतीच. अनेक कुटुंबांनी बोचकी बांधली आणि कॅनडाची वाट धरली.

त्याच वर्षी विनिपेग सरोवराच्या काठी त्यांनी गिमली नावाची वसाहत वसवली. त्यांच्या जुन्या पुराणकथांत गिमली म्हणजे स्वर्गातला महाल. प्रत्यक्षात मात्र पहिलाच हिवाळा जीवघेणा गेला, आणि १८७६-७७ मध्ये देवीच्या साथीने सुमारे शंभर माणसे नेली. त्यात लहान मुले फार.

त्यातली पुष्कळ मंडळी पुढे विनिपेग शहरात आली. पुरुष चर खणायला आणि गटारे बांधायला गेले. बाया आणि तरुण मुली दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला गेल्या. शहराच्या पश्चिम भागात, सार्जंट अॅव्हेन्यूच्या आसपास, त्यांची वस्ती उभी राहिली. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. पोटाला चिमटा बसत असतानाही या माणसांनी आपल्या भाषेतली वर्तमानपत्रे काढली. ‘हेमस्क्रिंग्ला’ १८८६ साली निघाले, ‘लोगबर्ग’ १८८८ साली. घरात दिव्याला तेल कमी असेल, पण पेपर मोठ्याने वाचला जाई. आपला पेपर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असा पेपर येतो त्यांनाच कळते.

आडनाव सांगताच ओळख

या लोकांची नावे ऐकताच माणूस ओळखू येई. फ्रेड्रिक्सन, योहानेसन, हॅल्डरसन. बापाच्या नावापुढे ‘सन’, म्हणजे मुलगा. शाळेत नाव विचारले की वस्ती कळली, आणि वस्ती कळली की मुलांच्या चेष्टेला तोंड फुटले. फ्रँक फ्रेड्रिक्सन नावाचा मुलगा १८९५ साली विनिपेगमध्येच जन्मला. पण घरी आइसलँडची भाषा. वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत त्याला इंग्रजीचे वारे नव्हते. शाळेतल्या टवाळीपासून दूर नेणाऱ्या दोन गोष्टी त्याला मिळाल्या. एक बर्फावरची हॉकी, दुसरी व्हायोलिन.

हॉकी शिकायला पैसा फारसा लागत नसे. थंडीत अंगणात पाणी ओतायचे, रात्रीत मैदान तयार! पण अंगणात खेळणे वेगळे आणि शहराच्या स्पर्धेत खेळणे वेगळे. शहरातल्या नामांकित क्लबांत बड्या घरची मुले. गटारे खणणाऱ्यांच्या पोरांशी खेळायचे म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. मग आइसलँडच्या मुलांनी काय केले? त्यांनी आपल्यातच दोन संघ केले आणि एकमेकांशीच खेळत राहिले. वर्षानुवर्षे. या दोन संघांतली चुरस इतकी की वस्तीतल्या घराघरांत दोन तट पडत. पुढे १९११ च्या सुमारास शहाणपण सुचले. दोन मिळून एकच संघ केला. ससाणा हा त्यांच्या बेटाचा मानाचा पक्षी, म्हणून नाव फाल्कन्स.

खाकी कपड्यांतले ससाणे

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विनिपेगमध्ये स्कँडिनेव्हियन वंशाच्या लोकांची २२३ वी पलटण उभी राहिली आणि फाल्कन्सचे खेळाडू तिच्यात भरती झाले. पलटणीच्या नावानेही ते हॉकी खेळले. मग समुद्रापार गेले.

सगळे परत आले नाहीत. ‘बस्टर’ थॉर्स्टाइनसन आणि जॉर्ज कंबर्स हे दोघे रणांगणावर कामी आले. फ्रेड्रिक्सन विमानदळात गेला होता. मे १९१८ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ त्याची बोट, लिझो कॅसल, पाणतीराने बुडाली. त्याला वाचवले तेव्हा तो रात्रीच्या कपड्यांत होता आणि त्याने व्हायोलिन छातीशी धरले होते, असे सांगतात. बोट बुडाली, कपडे गेले, पण ज्याने लहानपणी सोबत केली ती वस्तू त्याने सोडली नाही!

वाचकहो, ही पोरे आता घरी परतली. ज्या देशासाठी लढली तो देश आता तरी आपला म्हणेल, अशी आशा कोणाला वाटणार नाही? पण १९१९ चा तो उन्हाळा विनिपेगमध्ये फार तापलेला होता. मे-जून महिन्यांत सुमारे ३० हजार कामगारांनी सहा आठवडे संप केला आणि शहर ठप्प झाले. संपाचे खापर अनेकांनी ‘परक्यां’च्या माथी मारले. परदेशी नावाच्या माणसाकडे पुन्हा संशयाने पाहिले जाऊ लागले.

हिवाळा तोंडावर आला. फाल्कन्सनी शहराच्या वरिष्ठ स्पर्धेत प्रवेश मागितला. उत्तर आले, नाही.

नकारानंतरचा मोसम

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. कारण खरी गोष्ट पुढच्या पदकात नाही, ती या ठिकाणी आहे.

नकार आल्यावर माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, गप्प बसायचे. दुसरी, ज्याने नाकारले त्याच्या दारात वर्षभर उभे राहायचे. फाल्कन्सनी तिसरी वाट काढली. क्लबचा अध्यक्ष होता हेबी अॅक्सफर्ड, हाही युद्धातला वैमानिक. या मंडळींनी शहराबाहेर पाहिले. उत्तरेला सेलकर्क, पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर ब्रँडन. त्या गावांच्या संघांना बरोबर घेऊन त्यांनी निराळी स्पर्धा उभी केली. तीनच संघ, पण स्पर्धा रीतसर. आणि रीतसर स्पर्धेतल्या विजेत्याला शहराच्या विजेत्याशी सामना मागण्याचा हक्क होता. नियमाच्या पुस्तकातली ती एक ओळ त्यांनी बरोबर हेरली.

त्या काळी एका बाजूला सात खेळाडू असत. गोलरक्षक, दोन बचावाचे, तीन चढाईचे आणि सातवा मैदानभर मोकळा फिरणारा. मोजकीच माणसे, बदली खेळाडू फार थोडे. म्हणजे दम पाहिजे, आणि एकमेकांची चाल न बोलता कळली पाहिजे. वर्षानुवर्षे दुसऱ्या कोणी खेळायला न घेतल्यामुळे जी मुले आपसातच खेळली, त्यांना सोबत्याची चाल डोळे मिटून कळणार नाही तर कोणाला कळणार? ज्यांनी यांना वेगळे ठेवले, त्यांनीच नकळत यांना घट्ट बांधले होते.

फाल्कन्सनी आपली स्पर्धा जिंकली. मग ज्यांच्या स्पर्धेत यांना जागा नव्हती, त्या शहराच्या विजेत्यांशी गाठ पडली. फाल्कन्सनी त्यांना पार धुतले. त्यानंतर फोर्ट विल्यमचा संघ हरवला. आता उरला होता अॅलन चषक. व्यावसायिक खेळाडूंनी जुना स्टॅनले चषक आपलासा केल्यावर, हौशी संघांसाठी माँटेग्यू अॅलन यांनी दिलेला हा चषक म्हणजे देशातल्या हौशी हॉकीचे शिखर. मार्च १९२० च्या अखेरीस टोरांटोत सामने झाले. समोर टोरांटो विद्यापीठाचा संघ. पूर्वेकडच्या लोकांनी फाल्कन्सचे नावही धड ऐकले नव्हते. पहिला सामना फाल्कन्सनी ८-३ असा जिंकला, दुसरा ३-२ असा. चषक सार्जंट अॅव्हेन्यूच्या पोरांचा झाला!

सुताराने केलेल्या काठ्या

त्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्प येथे ऑलिंपिक होते आणि त्यात प्रथमच बर्फावरच्या हॉकीचा समावेश झाला होता. हिवाळी ऑलिंपिक अजून सुरू व्हायचे होते, त्यामुळे हे सामने उन्हाळी ऑलिंपिकचाच भाग म्हणून एप्रिलमध्येच उरकायचे ठरले होते. अॅलन चषक जिंकणारा संघ कॅनडाच्या वतीने जाणार.

म्हणजे कोण जाणार? ज्यांना आपल्या शहराने ‘तुम्ही आमच्यातले नाही’ म्हणून बाहेर ठेवले, तेच आता साऱ्या देशाच्या नावाने जाणार!

वेळ इतका थोडा की विनिपेगला जाऊन येणे अशक्य. टोरांटोहून घर सुमारे दोन हजार किलोमीटर. आईबापांना चषक दाखवणेही झाले नाही. टोरांटोहून मॉन्ट्रियल, तिथून सेंट जॉन बंदर आणि मेलिटा नावाची बोट. लांबच्या प्रवासाचे कपडेही नव्हते, ते वाटेत जमवावे लागले. काठ्यांसाठी लाकूड मॉन्ट्रियलला घेतले आणि बोटीवरच्या सुताराने त्यातून काठ्या घडवल्या. देशाचा प्रतिनिधी संघ, आणि काठ्या बोटीवरच्या सुताराच्या हातच्या! श्रमिकांच्या पोरांना साजेशीच गोष्ट.

संघात आठ खेळाडू होते. गोलरक्षक वॉली बायरन, बॉबी बेन्सन, कोनराड योहानेसन, कप्तान फ्रँक फ्रेड्रिक्सन, माइक गुडमन, ‘स्लिम’ हॅल्डरसन, ख्रिस फ्रिडफिन्सन आणि ‘हक’ वुडमन. यांपैकी वुडमन तेवढा आइसलँडच्या वंशाचा नव्हता. पण तो फाल्कन्सचा होता. आपल्याला वेगळे काढले म्हणून आपणही इतरांना वेगळे काढायचे, असला हिशेब या संघाने ठेवला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

तीन दिवस, तीन सामने

अँटवर्पला सात देशांचे संघ आले होते. बंदिस्त इमारतीतले मैदान कॅनडातल्या मैदानापेक्षा लहान आणि अरुंद होते. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. एकाला दुखापत झाली तर समोरच्या संघानेही एक खेळाडू बाहेर काढायचा, असा त्या वेळचा नियम.

२४ एप्रिल. समोर चेकोस्लोव्हाकिया. फाल्कन्स १५, समोरचे शून्य.

२५ एप्रिल. समोर अमेरिका. खरी झुंज ही. अमेरिकेच्या संघात कॅनडात जन्मलेले खेळाडूही होते. डावपेच सारे ओळखीचे. इथे एकेका गोलासाठी घाम गाळावा लागला. फ्रेड्रिक्सनने एक गोल केला, योहानेसनने दुसरा. बायरनने आपल्या जाळीत काही जाऊ दिले नाही. २-०.

२६ एप्रिल. समोर स्वीडन. १२-१. त्यातले सात गोल एकट्या फ्रेड्रिक्सनचे. स्वीडनने केलेला एक गोल हा त्या स्पर्धेत फाल्कन्सवर झालेला एकमेव गोल. तीन सामने, २९ गोल केले, एक झाला! सोनेरी-काळ्या स्वेटरवर कॅनडाचे मेपलचे पान, आणि नावावर या खेळातले जगातले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक.

मे महिन्यात ते विनिपेगला परतले. त्याच शहराने त्यांची मिरवणूक काढली, मेजवान्या दिल्या. सहा-सात महिन्यांपूर्वी ज्यांना खेळायला घेतले नव्हते, त्यांना पाहायला रस्त्यावर गर्दी लोटली. सार्जंट अॅव्हेन्यूवरच्या ज्या आयाबहिणींनी दुसऱ्यांची घरे झाडली होती, त्यांना तो दिवस कसा वाटला असेल? मला पदकापेक्षा त्या चेहऱ्यांचीच कल्पना अधिक करावीशी वाटते.

पुढे फ्रेड्रिक्सनने त्याच उन्हाळ्यात पूर्वजांच्या बेटावर, आइसलँडमध्ये, विमान चालवले. मग तो व्यावसायिक झाला. १९२५ साली व्हिक्टोरियाच्या संघाने स्टॅनले चषक जिंकला, त्यात फ्रेड्रिक्सनही होता आणि हॅल्डरसनही. १९५८ साली फ्रेड्रिक्सनला हॉकीच्या मानवंदना-दालनात स्थान मिळाले. योहानेसन विमानविद्येचा शिक्षक झाला. विनिपेगजवळच्या एका पालिकेने त्याला विमानतळासाठी जागा वापरायला बंदी केली, तर हा पठ्ठ्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि खटला जिंकला. तिथे वंशाचा प्रश्न नव्हता. पण नकार मिळाला की नियमाचे पुस्तक उघडायचे, ही सवय मात्र जुनीच होती.

संघाची आठवण मधल्या काळात पुसट झाली. १९२४ साली हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले आणि पुष्कळांना हॉकीचे पहिले विजेते तेव्हाचेच वाटू लागले. २०१४ साली कॅनडात फाल्कन्सवर एक मिनिटाचा चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीला ही नावे पुन्हा कळली.

दार कोणासाठी उघडले?

इथे गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण मग ती अर्धीच राहिली असती.

त्याच कॅनडात, पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, कृष्णवर्णीय तरुणांनी १८९५ सालीच आपली हॉकी स्पर्धा सुरू केली होती. त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी ती उभी केली. जेरबंद गुलामीतून सुटून आलेल्यांची ही नातवंडे-पतवंडे. गोऱ्या संघांचा मोसम आटोपत आला, बर्फ मऊ पडू लागला, की यांना मैदान मिळे. उरलेले बर्फ, उरलेले आठवडे. तरीही त्यांचा खेळ इतका वेगवान आणि धाडसी की पाहायला गर्दी जमे. त्यांच्यासाठी मात्र मिरवणूक निघाली नाही. देशाच्या नावाने त्यांना कोणी बोटीवर चढवले नाही. व्यावसायिक हॉकीच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ’री, उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी. फाल्कन्सच्या पदकानंतर ३८ वर्षांनी! नोव्हा स्कोशियाच्या त्या जुन्या संघांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट निघाले ते २०२० साली.

हे का झाले? फाल्कन्सच्या अंगावर परकेपणा होता तो नावाचा, भाषेचा, गरिबीचा. एका पिढीत भाषा बदलते, दोन पिढ्यांत नाव अंगवळणी पडते. कातडीचा रंग बदलत नाही. पराक्रम केला की दार उघडते, असे आपण मुलांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही. पराक्रम दोघांनीही केला होता. दार एकासाठी उघडले आणि दुसऱ्यासाठी बंदच राहिले. म्हणून दोष पराक्रमाच्या उणिवेत शोधू नये, दाराशी उभ्या असलेल्या माणसात शोधावा.

मग फाल्कन्सच्या गोष्टीतून घ्यायचे काय? माझ्या मते, सुवर्णपदक नव्हे. पदक मिळेल याची खात्री त्यांना कोणीच दिली नव्हती. घ्यायचा तो १९१९ चा नकारानंतरचा हिवाळा. ब्रँडन आणि सेलकर्कला बरोबर घेऊन त्यांनी स्वतःचे अंगण तयार केले, तो दिवस. नोव्हा स्कोशियाच्या तरुणांनीही तेच केले होते, आणि पदक न मिळताही पस्तीस वर्षांच्या आसपास ते अंगण झाडून स्वच्छ ठेवले होते. जिंकणे आपल्या एकट्याच्या हाती नसते. अंगण करणे असते.

आज रात्री जेवताना ही गोष्ट मुलांना सांगा. मुलींनाही सांगा. आणि शेवटी एक प्रश्न विचारा, जो फाल्कन्सनी ‘हक’ वुडमनला आपल्यात घेऊन आपल्यापुरता सोडवला होता. आपल्याला कोणी आत घेतले नाही, याचे दुःख आपण विसरणार नाही. पण आपण आत गेलो की मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवतो का?

मुले काय उत्तर देतात, ते ऐका.